देल्फीन सेरीग: 'सुंदर दिस आणि गप्प बस' म्हणणाऱ्यांना उत्तर देणारी नटी

(हा आपल्या नव्या भागाचा लेखी मसुदा. बोलताना मध्येमध्ये आलेले 'अं', 'म्हणजे काय की' एवढे काढलेत, बाकी तसंच ठेवलंय. बस, लोकल, कुठेही वाचा.)



आज सुरुवात एका यादीपासून. ब्रिटनमध्ये 'साइट अँड साउंड' नावाचं सिनेमाचं मासिक आहे. १९५२ पासून दर दहा वर्षांनी ते समीक्षकांना एकच प्रश्न विचारतं: आजवरचे सगळ्यात थोर सिनेमे कोणते? पहिल्या वेळी वर आला 'बायसिकल थीव्ह्ज'. मग १९६२ पासून २००२ पर्यंत, सलग पाच वेळा, 'सिटिझन केन'. २०१२ मध्ये हिचकॉकचा 'व्हर्टिगो'. आणि २०२२ मध्ये सोळाशेहून जास्त लोकांनी मतं दिली, तेव्हा पहिला आला एक असा सिनेमा, ज्याचं नाव आहे चक्क एक पत्ता: 'जान दिएलमान, २३, के द्यु कॉमेर्स, १०८० ब्रुसेल्स'.

३ तास २१ मिनिटांचा सिनेमा. त्यात एक विधवा बाई बटाटे सोलते, भांडी घासते, पलंगावरची चादर नीट करते, मुलाला जेवायला वाढते. बाईने दिग्दर्शित केलेला सिनेमा या यादीत पहिला येण्याची ही पहिलीच वेळ. त्यामुळे बातम्या झाल्या दिग्दर्शिका शांताल आकरमानच्या, आणि ते रास्तच होतं. पण जवळपास प्रत्येक चौकटीत जी बाई आहे, जी बटाटे सोलतेय, ती कोण?

तिचं नाव देल्फीन सेरीग. आजचा भाग तिच्यावर.

बैरूत, न्यूयॉर्क आणि एक राजवाडा

देल्फीनचा जन्म १९३२ चा, बैरूतमधला. तेव्हा लेबनॉन आणि सीरियावर फ्रेंचांचा ताबा होता आणि तिचे वडील आंरी सेरीग तिथल्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख होते. आई एर्मिन द सोस्यूर. भाषाशास्त्र शिकलेल्यांनी कान टवकारले असतील, बरोबर, त्याच फेर्दिनां द सोस्यूरची ही पुतणी. तरुणपणी ही बाई शिडाची होडी घेऊन समुद्रावर भटकायची. म्हणजे घर शिकलेलं, खातंपितं आणि जगभर पाय असलेलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात वडील द गॉलच्या बाजूने गेले आणि कुटुंब काही काळ न्यूयॉर्कला राहिलं. त्यामुळे देल्फीनला इंग्रजी अगदी सहज यायचं. फ्रान्समध्ये तिने नाटकाचं शिक्षण घेतलं, तेही पॅरिसच्या झगमगाटात नाही. युद्धानंतर फ्रान्समध्ये नाटक राजधानीबाहेर नेण्याची एक चळवळ सुरू झाली होती. त्यातल्या सेंत-एत्यनच्या नाटक मंडळीत ती घडली. मग जॅक यंगरमन या अमेरिकन चित्रकाराशी लग्न झालं आणि १९५६ मध्ये ती परत न्यूयॉर्कला आली. तिथे ली स्ट्रासबर्गच्या अ‍ॅक्टर्स स्टुडिओत जायला लागली. भूमिकेच्या आत शिरा, प्रत्येक हालचालीमागचं कारण शोधा, अशी ती शाळा.

१९५९ मध्ये 'पुल माय डेझी' नावाच्या छोट्या सिनेमात ती दिसली. अ‍ॅलन गिन्सबर्ग वगैरे बीट कवी त्यात धुडगूस घालतात आणि ही त्या घरातली वैतागलेली बायको. निवेदन जॅक केरुआकचं. त्याच सुमारास दिग्दर्शक आलँ रेने न्यूयॉर्कला आला होता. इब्सेनच्या 'अ‍ॅन एनिमी ऑफ द पीपल' मध्ये त्याने तिला रंगमंचावर पाहिलं आणि पुढच्या सिनेमासाठी निवडलं.

तो सिनेमा 'लास्ट इयर अ‍ॅट मारिएनबाद', १९६१. व्हेनिस महोत्सवात त्याला गोल्डन लायन मिळाला. गोष्ट अशी: एका आलिशान हॉटेलात एक पुरुष एका बाईला सांगतोय की आपण गेल्या वर्षी भेटलो होतो, तू माझ्याबरोबर यायचं कबूल केलं होतंस. तिला काहीच आठवत नाही. तो सांगत राहतो. सांगत राहतो. शेवटी प्रेक्षकालाही कळेनासं होतं की खरं काय. पात्रांना नावं नाहीत, फक्त अक्षरं. बाव्हेरियातल्या राजवाड्यांमध्ये शूटिंग. शानेलचे कपडे, आखूड केस, खांद्यावर वाकडी झालेली मान. देल्फीन सेरीग एका रात्रीत प्रतिमा झाली. ती नकल करणाऱ्या मुली पॅरिसमध्ये दिसायला लागल्या.

पण त्या भूमिकेचं काम काय होतं, नीट बघा. बाई काय आठवते, हे एक पुरुष तिला सांगतोय. आणि ती सुंदर दिसत, बरंचसं गप्प राहून, ते ऐकतेय.

पुतळा व्हायचं नाही

यानंतर सोपा रस्ता एकच होता, तीच गूढ सुंदरी पुन्हा पुन्हा करत राहायची. तिने तो धरला नाही. दोनच वर्षांनी, १९६३ मध्ये, रेनेच्याच 'म्युरिएल' मध्ये ती झाली बुलोन्य शहरातली, घरातूनच जुन्या वस्तू विकणारी, जुगाराची सवय लागलेली, चाळिशीकडे झुकलेली एक धांदरट बाई. स्वतः तेव्हा ३१ वर्षांची. घरात सावत्र मुलगा आहे. तो अल्जीरियाच्या युद्धातून परत आलाय आणि तिथे एका मुलीच्या छळात त्याने भाग घेतलाय. फ्रान्सला ज्या विषयावर बोलायचं नव्हतं, तो विषय. या भूमिकेसाठी तिला व्हेनिसला सर्वोत्तम अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

नाटकही चालूच होतं. क्लोद रेजी या दिग्दर्शकाबरोबर तिने १९६५ मध्ये हॅरॉल्ड पिंटरची नाटकं केली. १९७४ मध्ये पीटर हांडकेचं नाटक केलं, त्यात सोबत जान मोरो आणि तेव्हा नवखा असलेला जेरार्द देपार्दियू. हे सगळं त्या काळातलं नवं, अवघड नाटक. तिकीटबारीवर उड्या पडतील असं नव्हे.

तिच्या आवाजाबद्दल बोललं नाही तर हा भाग अपुरा राहील. थोडा खर्जातला, किंचित कंप असलेला, शब्द लांबवत जाणारा आवाज. फ्रेंच लोक त्याची तुलना चेलो या वाद्याशी करतात. त्रुफोच्या 'स्टोलन किसेस' (१९६८) मध्ये ती बुटांच्या दुकानदाराची बायको आहे आणि दुकानात कामाला लागलेला पोरगा आधी त्या आवाजाच्याच प्रेमात पडतो. जाक देमीच्या 'पो दान' (१९७०) मध्ये ती परी झाली, फ्रान्समधली पोरं आजही तिला त्या परीवरून ओळखतात. १९७२ मध्ये बुन्युएलचा 'द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी', ज्याला ऑस्कर मिळालं. आणि आपल्यापैकी अनेकांनी तिला नकळत पाहिलंय, 'द डे ऑफ द जॅकल' (१९७३) मध्ये. जॅकलला हॉटेलात भेटणारी ती उमरावाघरची बाई, तीच ही.

३४३ सह्या

आता गोष्ट वळण घेते.

फ्रान्समध्ये तेव्हा गर्भपात हा गुन्हा होता. १९२० च्या कायद्याने तर त्याचा नुसता पुरस्कार करणंही बेकायदा ठरवलं होतं. तरी लाखो बायका ते चोरून करत होत्या. पैसेवाल्या स्वित्झर्लंड नाहीतर इंग्लंडला जायच्या, बाकीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जीव धोक्यात घालायच्या. ५ एप्रिल १९७१ ला 'ल नुव्हेल ऑब्झर्व्हातर' या साप्ताहिकात एक जाहीरनामा छापून आला. मजकूर सिमोन द बोव्हारचा. खाली ३४३ बायकांच्या सह्या. मी गर्भपात केलाय, हे प्रत्येकीने आपल्या नावानिशी जाहीर केलं होतं. म्हणजे थोडक्यात, मी गुन्हा केलाय, या मला पकडायला. त्यात कात्रीन दनव्ह होती, जान मोरो होती, मार्गरीत द्युरास होती, आणि देल्फीन सेरीग होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो बरोबर आहे. प्रसिद्ध नटीला कोण अटक करणार? सरकारने खरंच कुणावर खटला भरला नाही. पण त्या यादीत अनोळखी बायकाही होत्या, नोकरी करणाऱ्या, आईबापांना तोंड द्यावं लागणाऱ्या. त्यांचा धोका मोठा होता. मोठ्या नावांचा उपयोग हाच की त्यांच्या आडोशाला लहान नावं उभी राहू शकली. मघाशी म्हटलं ना, घर खातंपितं होतं हे लक्षात ठेवा. देल्फीनला तिच्या जागेचा फायदा माहीत होता आणि तिने तो वापरला.

सही करून ती घरी बसली नाही. १९७२ मध्ये पॅरिसजवळच्या बोबिन्यीला एक खटला चालला. बलात्कारातून गरोदर राहिलेल्या अल्पवयीन मुलीचा गर्भपात, आणि तिला मदत करणारी आई आरोपीच्या पिंजऱ्यात. वकील होती जिझेल आलिमी. देल्फीन तिथे साक्षीदार म्हणून उभी राहिली. त्याच वर्षी गर्भपाताची एक सोपी, सुरक्षित पद्धत कार्यकर्त्यांना दाखवायचं प्रात्यक्षिक तिच्या स्वतःच्या घरात झालं. पुढे जानेवारी १९७५ मध्ये फ्रान्समध्ये कायदा बदलला.

त्याच दरम्यान नॉर्वेमध्ये एक शूटिंग झालं. जोसेफ लोझीचा 'अ डॉल्स हाउस'. म्हणजे इब्सेनचं तेच नाटक, ज्याचं आपल्याकडे अनंत काणेकरांनी 'घरकुल' केलं. नोरा होती जेन फोंडा आणि तिची मैत्रीण देल्फीन. घर सोडून जाणाऱ्या बाईची गोष्ट, आणि पटकथेत बायकांच्याच भूमिकांची काटछाट! दोघींनी भांडण काढलं. दिग्दर्शक वैतागला. या ओळखीतून पुढे काय झालं, ते येतंच आहे.

१९७५

संयुक्त राष्ट्रांनी १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष ठरवलं होतं. त्या मे महिन्यात कान महोत्सवात देल्फीनचे तीन सिनेमे होते. तिन्ही बायकांनी दिग्दर्शित केलेले.

एक, लिलियान द केर्मादेकचा 'आलोईज', मनोरुग्णालयात आयुष्य गेलेल्या एका चित्रकार बाईवरचा.

दुसरा, मार्गरीत द्युरासचा 'इंडिया साँग'. नाव ऐकून आपण सावरून बसतो. गोष्ट घडते १९३७ च्या कलकत्त्यात, फ्रेंच राजदूताच्या बंगल्यावर. देल्फीन राजदूताची बायको. पण शूटिंग सगळं फ्रान्समध्ये, मुख्यतः पॅरिसच्या वेशीवरच्या एका पडक्या वाड्यात. आणि करामत म्हणजे पडद्यावर कुणाचेही ओठ हलत नाहीत. नट नाचतात, बघतात, पडून राहतात. संवाद वेगळे ध्वनिमुद्रित केलेले, वरून ऐकू येतात. आपल्याला प्लेबॅकची सवय आहे, पण इथे ओठ जुळवायचेच नाहीत! एक प्रश्न मात्र मला पडतोच. दोन तासांच्या या 'इंडिया' मध्ये भारतीय चेहरा जवळपास दिसतच नाही. आपला देश तिथे उकाडा, कुष्ठरोगाची भीती आणि लांबून येणारे आवाज एवढाच आहे. वसाहतीतल्या गोऱ्या लोकांचं बंद दाराआडचं कुजणं दाखवायचं होतं, हे कळतं. तरी ते खटकतं, आणि खटकायला हवं.

तिसरा सिनेमा 'जान दिएलमान'. शूटिंगच्या वेळी आकरमान होती अवघी २४ वर्षांची. कॅमेऱ्यामागे बाबेत मांगोल्त, आणि युनिटमध्ये बहुतेक सगळ्या बायकाच. गोष्ट तीन दिवसांची. जान घर चालवते, आणि रोज दुपारी एक गिऱ्हाईक घेते. तेही तितक्याच टापटिपीने, बटाटे गॅसवर ठेवून. कॅमेरा हलत नाही. पाव चुरून खिमा मळणं, भांडी विसळणं, आंघोळ, सगळं जवळजवळ खऱ्या वेळात. दुसऱ्या दिवशी कुठेतरी ताल चुकतो. बटाटे जास्त शिजतात. ते पातेलं घेऊन ती घरभर फिरते, कुठे ठेवावं कळत नाही तिला. आपण श्वास रोखून बघतो. बटाट्यांसाठी! शेवट सांगत नाही.

इथे तिची निवड मला फार अचूक वाटते. पडद्यावर घरकाम करणारी बाई लोकांना दिसतच नाही, डोळे पलीकडे बघतात. मग तिथे युरोपची सगळ्यात दिमाखदार नटी उभी करा. मारिएनबादची ती. आता डोळे हलणार नाहीत. आणि देल्फीननेही ते काम फुकाच्या भावना ओतून केलं नाही. सेटवर तिचा साथीदार, नट सामी फ्रे, व्हिडिओ घेत होता, त्याचा पुढे माहितीपट झाला. त्यात दिसतं की ती आकरमानशी सतत वाद घालतेय. ही आत्ता केस का विंचरते? किती वेळ? मनात काय चाललंय? आकरमानला कारणं द्यायची नाहीत, तिला फक्त कृती अचूक हवी. स्ट्रासबर्गकडे शिकलेली नटी आणि कारण न देणारी दिग्दर्शिका, या ओढाताणीतून ती भूमिका उभी राहिली.

हातात कॅमेरा

आणि आता तो भाग, ज्याच्यासाठी मला हा विषय घ्यायचा होता. तुमच्या हातात आत्ता जो फोन आहे, त्यातल्या कॅमेऱ्याची एक आजी आहे. सोनीचा पोर्टापॅक, १९६७ मध्ये आलेला. कॅमेरा हातात, रेकॉर्डर खांद्याला लटकवलेला, आत अर्धा इंच रुंदीची चुंबकी टेप. चित्र कृष्णधवल आणि भुरकट. पण फायदे बघा. फिल्म धुवायला लॅब नको. आवाज सोबतच येतो. घेतलेलं लगेच बघता येतं, आवडलं नाही तर पुसता येतं. आणि मोठं युनिट नको, दोन जणी पुरतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे माध्यम नवं होतं. त्यात अजून कुणी उस्ताद नव्हते, कुणाची मक्तेदारी नव्हती.

मूळची स्विस असलेली कारोल रुसोपुलोस ही असा कॅमेरा घेणाऱ्या फ्रान्समधल्या अगदी पहिल्या लोकांपैकी. ती बायकांना तो चालवायला शिकवायची. देल्फीन आणि तिची मैत्रीण योआना वीडर तिच्याकडे शिकायला गेल्या. चाळिशी ओलांडलेली, पुरस्कार मिळालेली नटी, पहिल्या पायरीपासून. पुढे त्यांनी गटाचं नाव ठेवलं 'लेझ अँसुम्यूझ'. ही शब्दांची कोटी आहे. 'म्यूझ' म्हणजे कलावंताला स्फूर्ती देणारी देवी. 'अँसुमीझ' म्हणजे न झुकणारी. म्हणजे, तुमची स्फूर्तिदेवता होऊन कोनाड्यात बसणार नाही.

त्यांचा एक व्हिडिओ, 'माझो ए मीझो व्हाँ ताँ बातो'. झालं असं की ३० डिसेंबर १९७५ ला सरकारी टीव्हीवर महिला वर्ष संपल्याचा कार्यक्रम झाला. स्त्रियांच्या खात्याच्या मंत्री फ्रांस्वाज जिरू पाहुण्या. पुरुषांनी बायकांवर एकेक टोमणे मारले आणि बाई हसत हसत सांभाळून घेत गेल्या. या चौघीपाच जणींनी कार्यक्रम रेकॉर्ड केला आणि मग त्याची चिरफाड केली. मध्येच चित्र थांबवायचं, तेच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकवायचं, हाताने लिहिलेल्या पाट्या घुसवायच्या. आज आपण याला रिअ‍ॅक्शन व्हिडिओ म्हणतो.

आणि मग 'स्वा बेल ए ते-त्वा'. अर्थ: सुंदर दिस आणि गप्प बस. याच नावाचा एक फ्रेंच सिनेमा १९५८ मध्ये आला होता, नाव तिथूनच उचललं. १९७५-७६ मध्ये देल्फीनने फ्रान्स आणि अमेरिकेतल्या वीसेक नट्यांना कॅमेऱ्यासमोर बसवलं. कॅमेरा कारोलकडे, प्रश्न देल्फीनचे. तू पुरुष असतीस तर नट झाली असतीस का? दुसऱ्या बाईबरोबर मायेचा, मैत्रीचा प्रसंग कधी केलास का? आणि उत्तरं देताना या जगप्रसिद्ध बायका अडखळतात. आठवत राहतात. असा प्रसंगच नसतो त्यांच्या खात्यात.

जेन फोंडा सांगते, स्टुडिओत आल्याआल्या मेकअपच्या खुर्चीत बसवून तिला सांगितलं गेलं की गाल खोल दिसायला जबड्याचं काहीतरी करावं लागेल, केस सोनेरी हवेत, छाती खोटी लावावी लागेल. मारिया श्नायडर म्हणते की या धंद्यात निर्माते, दिग्दर्शक, तंत्रज्ञ सगळे पुरुषच. मेडी नॉर्मन ही कृष्णवर्णीय नटी मोलकरणींच्या भूमिकांबद्दल बोलते. कुणी रडत नाही, कुणी भाषण ठोकत नाही. पण एकीनंतर एक तेच ऐकताना लक्षात येतं, की हे कुणा एकीचं दुर्दैव नाही, ही पद्धत आहे. इंजिनिअरच्या भाषेत सांगायचं तर एक तक्रार म्हणजे किस्सा, वीस सारख्या तक्रारी म्हणजे सिस्टिममधला दोष. हा व्हिडिओ लोकांसमोर आला १९८१ मध्ये. 'मी टू' च्या साडेतीन दशकं आधी.

मागे काय राहिलं

याची किंमत होती का? मुख्य धारेतल्या मोठ्या भूमिका कमी होत गेल्या, हे तिची यादी बघितली की दिसतं. पुढचं तिचं बरंच काम आकरमान, जर्मनीची उल्रिके ओटिंगर अशा बायकांबरोबर आहे.

१९८२ मध्ये दोन गोष्टी झाल्या. रंगमंचावर तिने सारा बर्नार्ट साकारली, म्हातारी, एक पाय गमावलेली, आठवणी सांगणारी. आणि त्याच वर्षी कारोल आणि योआनाबरोबर तिने पॅरिसमध्ये सिमोन द बोव्हार दृक्श्राव्य केंद्र सुरू केलं. काम काय? बायकांच्या चळवळींचे व्हिडिओ गोळा करायचे, जपायचे, दाखवायचे. त्या अर्धा इंची टेप नाशिवंत. वेळेत दुसरीकडे उतरवून घेतल्या नाहीत तर आतली माणसं कायमची गेली. तिला हे कळलं होतं की चळवळ करणं एक आणि तिची नोंद टिकवणं वेगळं काम. ते केंद्र मध्ये काही वर्षं बंद पडलं, पण आज चालू आहे, आणि आपण हे सगळं बघू शकतो ते त्याच्यामुळे.

एक स्वप्न राहून गेलं. अमेरिकेतली कलॅमिटी जेन, तिने मुलीला लिहिली म्हणतात ती पत्रं, त्यावर देल्फीनला स्वतः सिनेमा करायचा होता. त्यासाठी ती माँटानापर्यंत जाऊन चित्रण करून आली. पैसे उभे राहिले नाहीत. ऑक्टोबर १९९० मध्ये ती गेली, अवघी ५८ वर्षांची. ते चित्रण घेऊन बाबेत मांगोल्तने, त्याच 'जान दिएलमान' च्या कॅमेरावालीने, तीस वर्षांनी तो विषय पुरा केला.

सिनेमाच्या कोशांत ती बरीच वर्षं 'रेनेची नायिका' म्हणून एका ओळीत होती. २०२२ च्या यादीने ती ओळ बदलायला लावली. पण मला वाटतं, खरी गोष्ट त्या यादीत पण मावत नाही. एक बाई होती, जिला दुसऱ्यांच्या चौकटीत कसं उभं राहायचं ते उत्तम येत होतं. आणि एके दिवशी तिने विचारलं, हा कॅमेरा चालू कसा करतात?

बघायचं असेल तर क्रम सांगतो. आधी 'स्टोलन किसेस', मग 'स्वा बेल ए ते-त्वा', आणि एखाद्या निवांत रविवारी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, 'जान दिएलमान'. आणि बघून झाल्यावर घरात कुकर कोण लावतं, तिकडेही जरा बघा.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!